चोरीला गेलेल्या रेसच्या घोड्याचा सिनेमा घरच्या पोरांसोबत कसा पाहायचा

घोड्याचा सिनेमा म्हटलं की घरात कुणी नाही म्हणत नाही. घोडा आहे म्हणजे सिनेमा लहानांचाच, असं धरून चालतात आणि तिथेच गडबड होते. रेसचा घोडा चोरीला जाण्याच्या गोष्टीत बंदूकवाले असतात, खंडणी असते, सट्टा असतो, रात्री गाडीत कोंबलेलं भेदरलेलं जनावर असतं आणि बऱ्याचदा शेवटी त्या जनावराचा जीवही जातो. एवढं असूनही हा सिनेमा सात-आठ वर्षांपुढच्या मुलांना दाखवण्यासारखा असतो. त्यासाठी आधी थोडी तयारी लागते, आणि बघताना पोरांचं लक्ष चोरांवरून काढून घोड्यावर आणावं लागतं.

आधी मोठ्यांपैकी कुणीतरी पाहून घ्या

ओटीटीवर सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात वयाची खूण येते: यू, यूए 7+, यूए 13+, यूए 16+ किंवा ए. ओटीटीसाठी हे टप्पे 2021 च्या नियमांनी आले. थिएटरच्या सिनेमांनाही 2024 पासून यूएचे हेच तीन टप्पे लागू झाले आहेत. 13+ आणि त्यावरच्या खुणेच्या सिनेमांना पिन टाकून कुलूप लावायची सोय देणं ओटीटीवाल्यांना बंधनकारक आहे, तर ती सोय वापरा. पण खुणेवर सगळं सोडू नका. तुमच्या गोठ्यातलं वासरू मागच्याच महिन्यात दगावलं असेल, तर ते त्या खुणेला कुठून कळणार?

पाहताना वही-पेन घेऊन बसा आणि मिनिटाचे आकडे टिपा. गोळीबार किंवा मारहाण कुठे आहे, घोड्याला त्रास कुठे होतो आणि पोरांना थांबून सांगावं लागेल असं काय आहे, एवढं लिहिलं तरी पुरे. अनुभव असा की सात-आठ वर्षांच्या मुलांना बंदुकीचं फारसं काही वाटत नाही, बंदूक त्यांनी टीव्हीवर शंभरदा पाहिलेली असते. ती घाबरतात बंद गाडीच्या आतून येणाऱ्या टापांच्या आवाजाला. अशा जागी आवाज निम्म्यावर आणला तर प्रसंग न कापताही निभतो. म्हणून त्या मिनिटापुढे चांदणी काढून ठेवा.

परदेशी सिनेमा असेल तर भाषेचा प्रश्न येतो. आयरिश किंवा ऑस्ट्रेलियन बोलणं इंग्रजी शाळेतल्या मुलांनाही झेपत नाही आणि खालच्या ओळी वाचेपर्यंत चित्र निघून जातं. हिंदी डबिंग असेल तर डोळे झाकून तेच लावा. नसेल तर एकाच माणसाने मराठीत सांगायचं, तेही दर वाक्याला नाही, प्रसंग बदलला की दोन ओळी. तिघं-चौघं सांगायला लागले की सिनेमा बाजूला राहतो.

खरी घटना आधी सांगावी

चोरलेल्या घोड्याच्या बहुतेक गोष्टींच्या मागे शेरगार नावाच्या घोड्याची सावली असते. 1999 साली त्याच्याच नावाचा सिनेमाही निघाला. खरी हकिगत सिनेमाआधी दहा मिनिटांत सांगून टाका, म्हणजे पोरांना शेवटाचा धक्का बसत नाही.

शेरगारचा जन्म 1978 चा. तांबूस तपकिरी अंग, कपाळापासून नाकापर्यंत रुंद पांढरा पट्टा आणि चारही पाय खाली पांढरे. आपल्याकडच्या घोडेवाल्यांनी त्याला बघताक्षणी पंचकल्याणी म्हटलं असतं आणि चार पैसे जास्त मोजले असते. एक डोळा मात्र पांढुरका, निळसर. जून 1981 मध्ये इंग्लंडमधल्या एप्समची डर्बी ही नावाजलेली रेस त्याने दहा लेंग्थने जिंकली. लेंग्थ म्हणजे घोड्याच्या नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी, साधारण अडीच मीटर. एसटीच्या दोन गाड्या मागोमाग उभ्या केल्या तर जेवढी जागा व्यापतात, तेवढा तो दुसऱ्या घोड्याच्या पुढे होता. डर्बीच्या दोनशे वर्षांच्या इतिहासात एवढ्या फरकाने कुणी जिंकलं नव्हतं. त्याच्यावरचा जॉकी वॉल्टर स्विनबर्न तेव्हा अवघा एकोणीस वर्षांचा होता.

पुढे त्याला रेसमधून काढून आयर्लंडमध्ये पैदाशीसाठी ठेवलं. 8 फेब्रुवारी 1983 च्या रात्री तोंडं झाकलेली, बंदुका घेतलेली माणसं तिथल्या बॅलिमनी स्टड फार्मवर शिरली. मुख्य मोतद्दाराला, म्हणजे घोडे सांभाळणाऱ्या माणसाला धमकावून त्यांनी घोडा गाडीत चढवून घेतला, मोतद्दारालाही सोबत नेलं आणि काही तासांनी रस्त्यावर सोडून दिलं. पोलिसांपर्यंत बातमी पोचायला आठेक तास गेले. त्यातच त्याच सुमारास घोड्यांचा मोठा लिलाव होता, सगळीकडे घोड्यांच्या गाड्या फिरत होत्या, त्यामुळे एक गाडी वेगळी ओळखायची कशी? चोरांनी वीस लाख पौंड मागितले. घोडा एकट्याचा नव्हता, चाळीस हिश्श्यांत वाटलेला होता, आणि आज पैसे दिले तर उद्या प्रत्येक नामांकित घोडा धोक्यात येईल, म्हणून मालकांनी नकार दिला. चार दिवसांत बोलणी थांबली. शेरगार पुन्हा कुणालाही दिसला नाही. संशय आयआरए या सशस्त्र संघटनेवर गेला, पण त्यासाठी कुणालाही शिक्षा झाली नाही.

एवढं सांगितलं की बारा-तेरा वर्षांची मुलं लगेच वाद घालतात, पैसे द्यायला पाहिजे होते की नाही. घालू द्या. लहानांचा प्रश्न एकच असतो: «आज्जे, मंग घोडं मेलं का गं?» याला उत्तर खरं द्यावं. «कुणालाच सापडलं नाही बाळा, बहुतेक मेलं असंल» असं आजी म्हणाली की ते पोर पाच मिनिटं गप्प बसतं आणि पुढे खेळायला लागतं. «नाही, जंगलात पळून गेलं» असं सांगाल तर सिनेमाच्या शेवटी खोटं उघडं पडतं आणि तेव्हाचं रडणं आवरत नाही.

सिनेमातली गोष्ट बहुतेक वेळा खऱ्या घटनेतून निघून भलतीकडेच जाते. हमखास एक पोरगा घातलेला असतो, घोड्याचा लळा लागलेला, आणि तो घोड्याला चोरांच्या तावडीतून सोडवायला धडपडतो. हे रचलेलं आहे असं सुरुवातीलाच सांगून ठेवलं तरी मजा कमी होत नाही.

आता घोड्याकडे बघा

इथे पोरांना काम लावा, म्हणजे सिनेमा जड होत नाही. पहिलं काम, घोडा बदललेला पकडायचा. सिनेमात एक घोडा म्हणून दाखवलेले प्रत्यक्षात तीन-चार असतात. एक उभा राहणारा शांत, एक पळणारा, एक मागच्या पायांवर उभं राहायला शिकवलेला. पांढरा पट्टा आणि पांढरे पाय बऱ्याचदा रंगवलेले असतात. जवळून चेहरा दिसेल तेव्हा थांबवा आणि पट्ट्याची कड कुठे वळते, नाकपुडीला टेकते की वरच संपते, ते बघायला सांगा. कपाळावरचा केसांचा भोवरा बघा. तो रंगवता येत नाही आणि दर घोड्याचा वेगळा असतो. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घोडा पारखणारा माणूसही आधी भोवरे आणि गोमा (केसांची लांबट वळणं) बघतो, दाम नंतर बोलतो. पट्टा तोच पण भोवरा दोन बोटं खाली आला, की समजा घोडा बदलला. दहा वर्षांचं पोर एकदा हे शिकलं की पुढचे सगळे घोड्यांचे सिनेमे बिघडवून ठेवतं, त्याला इलाज नाही.

दुसरं काम कानांचं. घोड्याचे दोन्ही कान वेगवेगळ्या दिशेला फिरतात. दोन्ही पुढे ताठ म्हणजे समोर काहीतरी आहे आणि लक्ष तिकडे आहे. मागे मानेला चिकटवलेले म्हणजे राग, आता चावेल किंवा लाथ घालेल. बाजूला ढिले पडलेले, खालचा ओठ लोंबता आणि मागचा एक पाय नुसता टेकवलेला म्हणजे जनावर निवांत आहे. सिनेमात नायकाच्या गळ्यात पडणारा घोडा कान मागे टाकून उभा असेल, तर त्या पोराचं आणि घोड्याचं काही जमलेलं नाही, ट्रेनर कॅमेऱ्यामागे उभा आहे एवढंच.

आवाजावर तर अजिबात विश्वास ठेवू नका. सिनेमात घोडा दर दोन मिनिटांनी खिंकाळतो. खरा घोडा बहुतेक वेळ गप्प असतो. मोठ्याने खिंकाळतो तो सोबतचा घोडा दूर गेला, खाणं येताना दिसलं किंवा नराला घोडीचा वास आला तर. बाकी वेळी नाक फुरफुरणं, एवढंच. खिंकाळीच्या वेळी घोड्याचं तोंड मिटलेलं दिसलं की पोरांना हसू आवरत नाही.

पळण्याचा हिशेब वहीवर मांडायला लावा. डर्बी दीड मैलाची, म्हणजे सुमारे 2400 मीटर. मुंबईला महालक्ष्मीला फेब्रुवारीत होणारी इंडियन डर्बीही 2400 मीटरचीच. चांगला घोडा हे अंतर अडीच ते पावणेतीन मिनिटांत कापतो, म्हणजे ताशी पंचावन्न किलोमीटरच्या आसपास. एवढं पळाल्यावर तो घामाने निथळतो आणि नाकपुड्या फाटेस्तोवर धापा टाकतो. सिनेमातला पोरगा मात्र त्याच घोड्यावर बसून डोंगर-नाले ओलांडत रात्रभर चौखूर जातो. खरोखर लांब जायचं तर घोड्याला चालीवर आणि दुडकीवर न्यावं लागतं. चालीला तासाला सहा-सात किलोमीटर, दुडकीला बारा-तेरा. त्यात रेसच्या घोड्याला ॲल्युमिनियमच्या पातळ, हलक्या नाला ठोकलेल्या असतात. डांबरी सडकेवर त्या लवकर झिजतात आणि खूर दुखावतो.

आणि घोडा लपवायचा कसा? हा प्रश्न खेड्यातल्या पोरांना शहरातल्यांपेक्षा चांगला सुटतो. साडेचारशे-पाचशे किलोचा घोडा दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण खातो, पंचवीस-तीस लिटर पाणी पितो आणि वीसेक किलो लीद टाकतो. आठवड्याला जवळपास दीड क्विंटल लीद. ती कुठे टाकणार? शेजाऱ्याला वास येणार, माशा येणार, दुधवाला विचारणार. शिवाय रेसचा घोडा ओट, खास गवत, ठरलेल्या वेळा यांवर वाढलेला. त्याच्यापुढे एकदम ओला चारा किंवा भिजवलेल्या हरभऱ्याची बादली ठेवली तर पोट धरतं. घोड्याला उलटी होत नाही. पोटात गेलेलं वरून निघायची वाट नाही, म्हणून पोटशूळ घोड्याच्या जिवावर बेततो. पुढच्या पायाने जमीन उकरणं, वळून वळून पोटाकडे बघणं, सारखं लोळणं आणि उगाच घाम फुटणं ही त्याची लक्षणं. सिनेमात घोडा असं करताना दिसला आणि तिथली माणसं त्याला प्रेमाने थोपटत बसली, तर मुलांना सांगा की इथे थोपटायचं नाही, डॉक्टर बोलवायचा. खाणं बदलायचंच तर सात ते दहा दिवसांत थोडं थोडं बदलतात.

जिथे अडतं त्या जागा

चाबूक आणि मारहाण आली की मुलं विचारतात, खरंच मारलं का? भारतात सिनेमासाठी जनावर वापरायचं तर प्राणी कल्याण मंडळाची आगाऊ परवानगी लागते, 2001 च्या नियमांनुसार. सुरुवातीला प्राण्याला इजा केली नसल्याची पाटी येते ती त्यामुळे, तिच्यावर थांबा आणि वाचून दाखवा. घोडा कोसळतो तो शिकवलेला असतो आणि खाली मऊ जमीन केलेली असते, चाबकाचा आवाज मागाहून भरलेला असतो. जुन्या परदेशी सिनेमांबद्दल मात्र अशी हमी घेऊ नका. फार पूर्वी तार लावून घोडे पाडत असत, हे मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही.

सट्ट्याचा विषय टाळता येत नाही, कारण रेस म्हटलं की तिकीट खिडकी दिसणारच. सुप्रीम कोर्टाने 1996 मध्ये घोड्यांची रेस हा कौशल्याचा खेळ धरला, म्हणून ठरलेल्या रेसकोर्सवर परवान्याने पैसे लावता येतात. गावातला मटका आणि मोबाईलवरची ॲपं या निकालात येत नाहीत. हे दोन वाक्यांत सांगा आणि पुढे चला. तिथे प्रवचन सुरू केलं तर पोरं उठून जातात. शंकरपट (बैलजोड्यांची शर्यत) पाहिलेल्या मुलांना एक फरक लगेच कळतो: पटात शर्यत काही सेकंदांत संपते आणि डोळा जोडीच्या सुटण्यावर असतो. डर्बीत सुरुवातीला मागे राहिलेला घोडा शेवटच्या चारशे मीटरमध्ये बाजी मारू शकतो. म्हणून जॉकी घोडा आवरून धरतो तेव्हा तो हरायला बसलेला नसतो.

घोड्याला गोळी घालण्याचा प्रसंग असेल तर दहाच्या आतल्या मुलांसाठी तो पुढे ढकला. अर्ध्या मिनिटाचा असतो, गोष्ट तुटत नाही. पण ढकलताना «इथं घोडा मरतो, तेवढं आपण बघत नाही» असं सांगूनच ढकला. गुपचूप बटण दाबलं की मुलाच्या मनात त्याहून वाईट काहीतरी तयार होतं.

माळवदावर पडदा लावायचा असेल तर

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे सहाच्या सुमारास दिवस मावळतो. साडेसहा-पावणेसातला पुरेसा अंधार होतो, त्याआधी छोट्या प्रोजेक्टरचं चित्र धुवट दिसतं. पांढरी जाड डबल चादर दुहेरी करून वरून बांबूला बांधा, खालची कड विटांनी ताणा. ढिली राहिली तर वाऱ्याने घोडे लाटेसारखे हलतात. बहुतेक छोट्या प्रोजेक्टरना तीन मीटरवरून सुमारे दोन मीटर रुंद चित्र मिळतं. स्पीकर पडद्याखाली ठेवा आणि तारेने जोडा. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो, आणि टापांच्या दृश्यात तो उशीर फार खटकतो. लाईट जाणार हे धरूनच चाला. इन्व्हर्टरवर टीव्ही आरामात चालतो, प्रोजेक्टर लावण्यापूर्वी मात्र त्याच्यावरचे वॉट बघून घ्या. सिनेमा मध्यावर थांबवून सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता), शेंगा, चहा आटपून घ्या. नऊनंतर दव पडायला लागतं, तोवर संपेल असं बघा. हा घरचा खेळ झाला. पारावर गावाला दाखवायचा तर हक्कदाराची परवानगी लागते.

सिनेमानंतर खरा घोडा

सिनेमा पाहिल्यावर पोरं घोड्याला हात लावायला मागतात. लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा डिसेंबर-जानेवारीतच भरते आणि तिथला घोड्यांचा बाजार मराठवाड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. सकाळी लवकर जा. दुपारी गर्दी, धूळ आणि ढोलाने जनावरं आधीच वैतागलेली असतात.

मालकाला विचारल्याशिवाय जवळ जायचं नाही. जायचं ते डाव्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत. घोड्याला थेट मागचं दिसत नाही आणि नाकाच्या अगदी समोरचंही दिसत नाही, म्हणून शेपटीकडून आलेलं पोर त्याला एकदम अंगावर आल्यासारखं वाटतं आणि तो लाथ झाडतो. मागून ओलांडायचंच असेल तर तीन-चार मीटर लांबून. पहिला हात खांद्यावर किंवा मानेवर ठेवावा, नाकावर नाही. काही द्यायचं असेल तर तळहात सपाट, अंगठा बोटांना चिकटलेला, आणि वर गुळाचा खडा. बोटात धरून दिलं तर घोडा बोटासकट घेतो. त्यात त्याचा काही दोष नाही.

मालक खुशीत असेल तर त्याला दात दाखवायला सांगा. पुढचे मधले दुधाचे दात अडीच वर्षांच्या सुमाराला पडून पक्के येतात, त्यांच्या शेजारचे साडेतीनला, कडेचे साडेचारला. पाचव्या वर्षी तोंड भरतं. डर्बीत तीन वर्षांचेच घोडे पळतात. म्हणजे शेरगारने ती दहा लेंग्थची रेस मारली तेव्हा त्याचे कडेचे दात अजून दुधाचेच होते.

चावलंच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पूर्ण पंधरा मिनिटं धुवा. हळद, तंबाखू काही भरू नका, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. धनुर्वाताची लस तर लागतेच, पण रेबीज घोड्यालाही होतो, म्हणून ती लस द्यायची की नाही हे डॉक्टरांना ठरवू द्या. घोडा कुणाचा होता, त्या मालकाचा नंबर घेऊन ठेवा. यात्रा उठली की तो कुठल्या जिल्ह्यात गेला हे शोधणं अवघड.